कोरीव लेख आणि हौशी छायाचित्रकार : नांदेड-लातूर परिसराच्या अनुषंगाने

'करविले' आणि 'करविलें' या दोन रूपांत डोळ्यांस दिसणारा भेद एका टिंबाचा आहे. व्याकरणदृष्ट्या मात्र पहिले रूप पुल्लिंगी अनेकवचनाचे व दुसरे नपुंसकलिंगी एकवचनाचे होय. म्हणजे दात्याने जे करविले ते काय होते, एक होते की अनेक, याचा निर्णय त्या टिंबावर अवलंबून राहतो. आता हे टिंब ज्या दगडावर शोधावयाचे तो बहुधा दख्खनचा काळा पाषाण असतो. लाव्हारस थिजत असता त्यात कोंडलेल्या वायूमुळे पडलेली बारीक छिद्रे या पाषाणात जागोजाग आढळतात. त्यांपैकी एखादे छिद्र नेमके अक्षराच्या माथ्यावर आले, तर अनुस्वार कोणता आणि निसर्गाने पाडलेला खळगा कोणता, हे सांगणे सोपे नाही. प्राचीन मराठीच्या अभ्यासकाला असा निवाडा वारंवार करावा लागतो, आणि तो दगडासमोर उभे राहून क्वचितच करावा लागतो. बहुतेक वेळा त्याच्यापुढे असते ते छायाचित्र.

हे छायाचित्र कोणी, केव्हा व कोणत्या प्रकाशात घेतले याची चौकशी मात्र आपण फारशी करीत नाही. प्रस्तुत निबंधात ती करावयाची आहे. आपल्या ग्रंथांतून व नियतकालिकांतून कोरीव लेखांची म्हणून जी छायाचित्रे छापली जातात, त्यांतील पुष्कळशी दगडाची नसून दगडावरून घेतलेल्या ठशांची असतात. खुद्द दगडाचे, त्याच्या खोलीचा बोध होईल अशा प्रकाशात घेतलेले चित्र त्या मानाने विरळ. ही उणीव भरून काढण्याचे काम हौशी छायाचित्रकाराच्या आवाक्यातील आहे, असे माझे मत आहे. मात्र त्यासाठी त्याने छायेचा विचार प्रकाशाइतकाच केला पाहिजे.

'हौशी' हा शब्द येथे हलक्या अर्थाने योजलेला नाही. दागेरच्या प्रक्रियेचा तपशील १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाला आणि पुढे सुमारे पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत लष्करी व मुलकी अधिकारी होते, डॉक्टर होते, आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. पुढे व्यावसायिक म्हणून नावारूपास आलेले हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गाचे विद्यार्थी. १८५६ च्या अखेरीस जॉन्सन आणि हेंडरसन यांनी मुंबईहून जो मासिक चित्रसंग्रह काढण्यास प्रारंभ केला, त्याच्या नावातच 'इंडियन अ‍ॅमॅचर्स' हे शब्द होते. त्या काळी हौशी म्हणजे अर्धवट शिकलेला नव्हे; पोटासाठी नव्हे तर जिज्ञासेपोटी रसायनांत हात काळे करणारा मनुष्य, असा त्याचा अर्थ होता.

भाऊ दाजींचे उदाहरण आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. ते छायाचित्रण जाणत होते आणि कोरीव लेखांचे वाचकही होते. अजिंठ्याच्या लेखांवरील त्यांचा निबंध सर्वश्रुत आहे. असे असूनही लेखांच्या नकला घेण्यासाठी त्यांनी भगवानलाल इंद्रजी यांना गावोगाव पाठविले, आणि भगवानलालांनी त्या नकला मुख्यतः डोळ्यांनी पाहून, हाताने केल्या. ज्याच्या घरी कॅमेरा होता त्याने कॅमेऱ्याऐवजी माणूस का पाठवावा? याचे एक कारण तंत्राच्या अडचणीत सापडते. १८५१ मध्ये निघालेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे व तेथल्या तेथे ते धुवावे लागे. म्हणजे काळोखाचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, स्वच्छ पाणी आणि हे सारे वाहणारी माणसे बरोबर हवीत. दख्खनच्या उन्हात काच पाहता पाहता वाळून जाई. मेण दिलेल्या कागदाची पद्धत प्रवासात सोयीची असे, परंतु कागदाच्या तंतूंमुळे बारीक रेषा पुसट होत. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. भगवानलालांसारखा तज्ज्ञ दगडासमोर बसला की मान वाकवून, बाजूला सरकून, बोट फिरवून, सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी येऊन अक्षर ठरवीत असे. त्याची नकल ही अनेक दृष्टिक्षेपांची बेरीज होती. कॅमेऱ्याचा दृष्टिक्षेप एकच.

मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर येथील पहिल्या महत्त्वाच्या छायाचित्रकारांत मेजर रॉबर्ट गिल यांचे नाव घ्यावे लागते. १८४४ पासून अजिंठ्याची चित्रे रंगवून उतरविण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या रंगीत नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. कॅमेऱ्याने घेतलेली त्यांची चित्रे मात्र जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने आली होती, व ती राहिली. गिल यांची पुष्कळशी चित्रे जोडचित्रे होती, म्हणजे दोन डोळ्यांच्या अंतराइतक्या फरकाने घेतलेली दोन चित्रे, जी विशिष्ट भिंगांतून पाहिली असता खोली दिसते. लेण्यांच्या खांबांसाठी वापरलेली ही युक्ती कोरीव अक्षरांसाठी नियमाने वापरली गेली असती, तर टिंब आणि खळगा यांचा पुष्कळसा घोळ वाचला असता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

प्रत्यक्षात अभिलेखविद्या दुसऱ्या वाटेने गेली. १८७२ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' व १८८८ मध्ये 'एपिग्राफिया इंडिका' सुरू झाल्यावर लेखाची यांत्रिक प्रतिकृती छापण्याचा दंडक पडला, आणि त्यासाठी शाईचा ठसा हे साधन मान्य झाले. ओला कागद दगडावर बसवून ब्रशाने ठोकावयाचा, तो खाचांत उतरला म्हणजे वरून शाईचा बोळा फिरवावयाचा; पृष्ठभाग काळा उमटतो व अक्षरे पांढरी राहतात. या ठशाचे छायाचित्र घेऊन त्यावरून छपाई होई. ठशाचे गुण निर्विवाद आहेत: तो मूळ आकाराचा असतो, त्यात भिंगाची विकृती नसते, अंधाऱ्या गाभाऱ्यातही तो घेता येतो. परंतु ठशात खोली नाहीशी होते. छिन्नीने पाडलेले टिंब आणि वायूने पाडलेले छिद्र हे दोन्ही त्यात सारखेच पांढरे दिसतात. उथळ झालेली, पाण्याने झिजलेली रेघ शाईखाली बुजून जाते, आणि ती होती याची खूणही उरत नाही.

निजामाच्या राज्यात पुरातत्त्व खाते १९१४ साली स्थापन झाले व गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. अजिंठ्याच्या चित्रांची त्यांनी संपादिलेली चार भागांची मालिका (१९३०-५५) छायाचित्रांवर आधारलेली होती, व ई. एल. व्हॅसी यांनी घेतलेली तिच्यातील रंगीत छायाचित्रे त्या काळी अपूर्व मानली गेली. याझदानींनी फार्सी-अरबी लेखांच्या 'एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका' या नियतकालिकाचेही संपादन केले. आपल्या परिसरातील कंधार व उदगीर हे किल्ले अशा लेखांसाठी प्रसिद्ध आहेत. येथे एक तांत्रिक भेद लक्षात ठेवावयास हवा. या किल्ल्यांवरील लेखांची अक्षरे सामान्यतः उठावाची, म्हणजे भोवतालचा दगड काढून उंच ठेवलेली असतात. नागरी व कन्नड लेखांची अक्षरे खोदीव असतात. एकाची छाया अक्षराबाहेर पडते, दुसऱ्याची अक्षराच्या आत. कंधारचा दरवाजा ज्या पद्धतीने टिपला त्याच पद्धतीने देगलूरकडील एखादा स्तंभ टिपावयास गेल्यास हाती निराशा येते.

जाता जाता भाषेविषयी एक गोष्ट नमूद करतो. हैदराबाद संस्थानात उर्दू लिखाणात छायाचित्रणास 'अक्कासी' म्हणत; 'अक्स' म्हणजे प्रतिबिंब. मराठीत 'छायाचित्र' हा शब्द रूढ झाला, व तो संस्कृत घडणीचा असला तरी आपल्या कामास अधिक जवळचा आहे, कारण कोरीव लेखाच्या चित्रात जे टिपावयाचे असते ती छायाच होय. बोलीत मात्र दोन्ही शब्द मागे पडले. मराठी माणूस चित्र 'काढतो' तसाच फोटोही 'काढतो'. आणि उत्तरेकडील हिंदीत फोटो 'खींचा' जात असला, तरी आपल्याकडील दखनीत तो 'निकाला' जातो. क्रियापद मराठीच्या वळणाचे आहे हे उघड दिसते.

नांदेड जिल्ह्यातील लेखांचा एकत्रित संग्रह १९६८ साली श्रीनिवास रित्ती आणि ग. चिं. शेळके यांनी सिद्ध केला व तो नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने प्रसिद्ध केला. होट्टल, तडखेल, करडखेड, येरगी ही देगलूर तालुक्यातील गावे त्यामुळे अभ्यासकांच्या नकाशावर आली. या भागातील चालुक्यकालीन लेख मोठ्या संख्येने कन्नड भाषेत आहेत, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्याने मोकळ्या मनाने स्वीकारली पाहिजे. लातूरच्या पापविनाशक मंदिरातील संस्कृत लेख भूलोकमल्ल सोमेश्वराच्या, म्हणजे तिसऱ्या सोमेश्वराच्या, काळाचा आहे. लातूर जिल्ह्याचे जुने संदर्भ शोधणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की १९८२ पूर्वी हा जिल्हा उस्मानाबादचा भाग होता, आणि उदगीर व निलंगा हे १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत. कित्येक विद्यार्थी योग्य गाव चुकीच्या जिल्ह्याखाली शोधून रिकाम्या हाताने परततात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिला प्रश्न प्रकाशाचा. समोरून पडणारा प्रकाश, मग तो दुपारचा उजेड असो वा कॅमेऱ्यावरील फ्लॅश, कोरीव लेखाचा शत्रू आहे, कारण तो खाचांच्या तळापर्यंत पोहोचून छाया पुसून टाकतो. हवा तो तिरपा, पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाणारा प्रकाश. दहा ते वीस अंशांचा कोन बहुतेक लेखांस पुरतो. फार झिजलेल्या दगडास पाच-सात अंशही लागतात. दिशाही तितकीच महत्त्वाची. आपल्या डोळ्यांस प्रकाश वरून येतो असे गृहीत धरण्याची सवय असते. त्यामुळे खालून उजेड टाकलेल्या चित्रात खोदीव अक्षरे उठावाची भासतात आणि उठावाची खोल गेलेली वाटतात. म्हणून वरच्या डाव्या बाजूचा प्रकाश हा संकेत पाळावा, व दुसरीकडून घेतल्यास तशी नोंद करावी.

शिवाय जी रेघ प्रकाशाच्या दिशेनेच जाते तिला छाया पडत नाही. सूर्य थेट माथ्यावरून भिंतीला घासून जात असता शिरोरेषा ठळक दिसतात, पण काने नाहीसे होतात. बाजूच्या प्रकाशात काने उमटतात व शिरोरेषा विरते. कन्नड अक्षरे वाटोळी असल्यामुळे कोणत्याही एका दिशेत त्यांचा काही ना काही अंश हरवतोच. आजच्या छापील कन्नडातही 'प' आणि 'व' यांतील भेद माथ्याजवळच्या लहानशा जोडावर अवलंबून असतो. तो जोड चुकीच्या प्रकाशात गेला की शब्दच बदलतो. यावरून एका लेखाचे एकच चित्र पुरेसे मानणे किती धोक्याचे आहे हे ध्यानात येईल.

सूर्याचे वेळापत्रक आपल्या परिसरासाठी मांडता येते. नांदेडला सूर्य मध्यान्ही येतो तो सरासरीने घड्याळाच्या १२ वाजून २१ मिनिटांनी, लातूरला १२ वाजून २४ मिनिटांनी. फेब्रुवारीच्या मध्यास ही वेळ सुमारे चौदा मिनिटे पुढे जाते, नोव्हेंबरच्या आरंभी सोळा मिनिटे मागे येते. पूर्वाभिमुख शिळेवर मध्यान्हापूर्वी एक तास प्रकाशाचा कोन सुमारे पंधरा अंश असतो, आणि मध्यान्ही तो शून्यावर येतो. ही खिडकी तासाभराचीच आहे. त्यातही डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे शिळेकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्यास प्रकाश वरच्या डाव्या बाजूने मिळतो, आणि शिरोरेषा व काने दोन्ही उमटतात. पश्चिमाभिमुख शिळेस मध्यान्हानंतरचा पहिला तास घ्यावा. दक्षिणाभिमुख भिंत हिवाळ्यात निरुपयोगी. एप्रिलच्या मध्यास मात्र नांदेडला मध्यान्हीचा प्रकाश तिला साडेनऊ अंशांनी घासून जातो. उत्तराभिमुख भिंतीस सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत थेट ऊन लागतच नाही. तिच्यासाठी मे महिन्यातील सकाळी सव्वाआठची वेळ साधावी. त्या वेळी कोन सात-आठ अंशांचा असतो.

गाभाऱ्यात वा सभामंडपात ऊन पोहोचत नसेल तेथे आरसा घ्यावा. अंगणातील ऊन आरशाने आत वळवून भिंतीवर तिरपे टाकण्याची रीत वेरूळ-अजिंठ्याच्या वाटाड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आता साधा टॉर्चही काम भागवितो. कॅमेरा अथवा मोबाइल ट्रायपॉडवर अचल ठेवावा, लेखाच्या पृष्ठभागाशी समांतर करावा, आणि टॉर्च घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे बारा स्थानी नेऊन, दगडापासूनचे अंतर तेच ठेवून, बारा चित्रे घ्यावीत. उद्भासन हाताने एकदा ठरवून बाराही चित्रांस तेच ठेवावे. स्वयंचलित योजना प्रत्येक वेळी छाया उजळून टाकते. भिंगाचे द्वार मध्यम, उदाहरणार्थ एफ ८, ठेवल्यास कडाही स्पष्ट येतात. टॉम मालझबेंडर आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये अशाच चित्रसमूहापासून संगणकावर हवा त्या दिशेचा प्रकाश फिरविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती वापरावयाची नसली, तरी बारा चित्रे एकामागून एक पाहिली असता भगवानलालांच्या मान वाकवून पाहण्याचा काहीसा लाभ मिळतो. कॅमेरा सहा-सात सेंटिमीटर बाजूला सरकवून आणखी एक चित्र घेतले, की गिल यांचे जोडचित्रही साधते.

दगडाची जात ओळखल्यावाचून मात्र हे सारे व्यर्थ. बेसॉल्टच्या छिद्रांविषयी वर आलेच आहे. पूर्वेकडे देगलूर-बिलोली भागात बेसॉल्टखालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. त्याचे स्फटिक फार तिरप्या प्रकाशात चमकून अक्षरांवर ठिपक्यांचे जाळे पसरतात, म्हणून तेथे कोन थोडा वाढवावा. लातूर जिल्ह्यात खरोशाची लेणी जांभ्या दगडात आहेत, आणि सच्छिद्र जांभ्यात सूक्ष्म काम टिकत नाही. तेथे मऊ, पसरट उजेडच बरा.

अक्षरांत खडू, पीठ वा रंग भरून चित्र घेणे ही जुनी खोड आहे आणि ती अजून गेलेली नाही. तसे करणे संरक्षित स्मारकाच्या बाबतीत कायद्याविरुद्ध आहे. पण त्याहून मोठा दोष असा, की खडू भरणारा मनुष्य आधी वाचतो आणि मग भरतो. चित्रात दगड न येता त्याचे वाचन येते. पुढील अभ्यासक त्या चित्रावरून वाचतो तेव्हा त्याला पुरावा मिळाल्याचा भास होतो, प्रत्यक्षात त्याने दुसऱ्याचे मतच पुन्हा वाचलेले असते.

प्रस्तुत लेखक या बाबतीत स्वतःस निर्दोष समजत नाही. विद्यार्थिदशेत निलंगा भागातील एका खेड्यात फ्लॅशवर घेतलेल्या चित्रावरून मी एका क्रियापदावर अनुस्वार वाचला, त्यावरून नपुंसकलिंगी रूपाची नोंद केली, आणि त्या नोंदीच्या आधारे एक परिच्छेदही लिहिला. काही वर्षांनी त्याच शिळेपाशी हिवाळ्यात अकराच्या पुढे उभा राहिलो असता ते टिंब इतर अक्षरांच्या खाचांहून दुप्पट खोल, वेड्यावाकड्या काठाचे आणि तळाशी पांढरट खनिज धरलेले दिसले. तो अनुस्वार नव्हता. तो परिच्छेद मी काढून टाकला. परंतु मूळ चित्र तेवढे जवळ असते, तर मी आजही तेच रूप उदाहरण म्हणून शिकवीत असतो.

एका टिंबाची ही कथा, तर अंकांची काय असेल? अलिबागजवळील आक्षीच्या लेखातील शकाचा आकडा ९३४ की ११३२ याविषयी मतभेद झाला, शं. गो. तुळपुळे यांनी ९३४ हे वाचन स्वीकारले. झिजलेल्या आकड्यांच्या या वाचनावर मराठीच्या लिखित इतिहासाची जवळजवळ दोनशे वर्षे अवलंबून आहेत. सोलापूर जिल्ह्यातील कुडल येथील शके ९४० चा मराठी लेख आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. कुंभार हे वीज मंडळातील नोकरी सांभाळून हिंडणारे संशोधक होते. विद्यापीठांनी त्यांच्याकडून घेतले ते पुष्कळ, दिले ते उशिरा. १८५४ च्या मुंबईतील मंडळींना हौशी या शब्दाने जे अभिप्रेत होते, ते आपल्या काळात कुंभारांसारख्यांनी चालविले.

नोंदीसंबंधी थोडे सांगितले पाहिजे. मापपट्टीवाचून घेतलेले चित्र पुढे कोणत्याही मोजमापास उपयोगी पडत नाही. मोठा लेख तुकड्यांनी टिपताना प्रत्येक तुकडा शेजारच्यावर तृतीयांश तरी चढला पाहिजे. दिनांक, वेळ, शिळेची दिशा, प्रकाशाची बाजू, दगडाची जात आणि गावातील नेमके स्थान एवढे तेथेच वहीत लिहावे. मूळ चित्र जसे आले तसे जपावे आणि उजळ-गडद करावयाचे ते प्रतीवर करावे.

हे सारे तातडीने का करावयाचे, हे या परिसरातील लोकांस वेगळे सांगण्याचे कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. गाव हलले की जुन्या गावठाणातील शिळा अनाथ होते. पारावर, बारवेच्या पायरीत, पडक्या भिंतीत ती कोठे होती हे सांगणारा मनुष्यही दुसरीकडे जातो. जेथे भूकंप नव्हता तेथे जीर्णोद्धाराचा सिमेंट, फरशी आणि ऑइलपेंट पोहोचला. तेलशेंदराचा थर निदान हळूहळू चढतो. ऑइलपेंटने एका दुपारी लेख बुजतो, आणि तो रंगविणाऱ्या ग्रामस्थाच्या मनात श्रद्धेवाचून दुसरे काही नसते.

अशा ठिकाणी आणखी एक साधन आहे व त्याकडे अद्याप कोणी पद्धतशीरपणे पाहिलेले नाही. गावोगावच्या घरांतून जत्रेचे, लग्नाचे, शाळेच्या सहलीचे जुने फोटो आहेत. १२० नंबरच्या फिल्मवर बारा फोटो निघणाऱ्या साध्या पेटी-कॅमेऱ्यांनी ते काढलेले आहेत. काढणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसताना वराच्या मागे, पालखीच्या बाजूस, ओळीने बसविलेल्या मुलांच्या पाठीशी मंदिराची भिंत आली आहे, आणि त्या भिंतीत रंग लागण्यापूर्वीची शिळा. मुंज वा लग्न सकाळचे असेल आणि भिंत उत्तरेकडे तोंड करून असेल, तर मे महिन्यातील लग्नसराईचा प्रकाशही नेमका हवा तसा तिरपा पडलेला असण्याचा संभव आहे. नांदेड व लातूर येथील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या घरचे अल्बम उघडून प्रथम पाहावी ती माणसांमागची भिंत. तसा फोटो सापडल्यास तो अल्बममधून काढू नये. आहे तेथेच, खिडकीच्या मऊ उजेडात, काचेखाली सपाट धरून त्याचे चित्र घ्यावे, आणि मागील बाजूस काही लिहिलेले असेल तर तेही टिपावे. साल बहुधा तेथेच असते.